दहा मार्कांचा दोर

मी शाळामास्तर नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण रत्नागिरीत अजून सगळे मला मास्तर म्हणतात आणि नव्या माणसाला वाटतं, मी कुठल्यातरी हायस्कुलातून पेन्शनीत निघालो असेन. मी मॅट्रिक झालो, पुण्याला कॉलेजात गेलो, तिथल्या पहिल्याच परीक्षेत दोनदा आपटलो आणि आगबोटीने परत आलो. मांडवीला उतरलो तेव्हा वडील धक्क्यावर उभे होते. त्यांनी माझी वळकटी उचलली आणि ते झाडगावातल्या घराकडे चालू लागले. पुढच्या आठवड्यात आळीतल्या दोन मुलांना इंग्रजीचं व्याकरण सांगायला म्हणून मी पडवीत बसलो, तो तीस वर्षं तिथेच बसलो.

माझा धंदा म्हणजे शाळेने घातलेले इंग्रजीचे प्रश्न सोडवायला मदत करणं. प्रश्न दोन जातींचे. एक व्याकरणाचे. पार्सिंग म्हणजे वाक्यातला एकेक शब्द उचलून तो नाम की क्रियापद, कोणत्या वचनाचा, कोणाशी बांधलेला, हे सांगायचं. अ‍ॅनॅलिसिस म्हणजे चार ओळींच्या वाक्याचे सांधे सोडवायचे आणि मुख्य वाक्य कोणतं, त्याला लोंबकळणारी कोणती, हे वेगळं मांडायचं. यात मी तरबेज होतो, हे खोटी नम्रता न दाखवता सांगतो. दुसरी जात वाङ्मयाची. नेमलेल्या पुस्तकातल्या कवितेच्या दोन ओळी द्यायच्या आणि त्या संदर्भासह स्पष्ट करा म्हणायचं. इथे मुलांची बोबडी वळे. ज्याने कधी बर्फ पाहिलं नाही त्याने बर्फावरच्या कवितेचं काय सांगायचं? म्हणून मी उत्तरं तयार करून ठेवली होती. प्रत्येक कवितेवर तीन-चार, सोप्या इंग्रजीत, शेवटी कवीचा उपदेश जोडलेली. मी सांगायचो, मुलं लिहून घ्यायची. त्या वह्यांवरून दुसरी मुलं उतरवायची. काही वर्षांत अशी स्थिती आली की गावातल्या इंग्रजी सातवीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात, ज्याच्याकडे माझी वही नाही असा मुलगा सापडणं कठीण झालं. माझ्याच हाताखालून गेलेला एकजण पुढे बी. ए. होऊन गावातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागला. तो पेपर तपासताना माझी वही शेजारी ठेवतो, असं कानावर आलं. मला त्याचा अभिमान वाटला. त्यात काळजी करण्यासारखं काही असेल असं मनातही आलं नाही.

मुलांखेरीज इतर मंडळीही यायची. मेसापोटेमियात जाऊन आलेला एक हवालदार एकदा त्याच्या गोऱ्या साहेबाने दिलेलं सर्टिफिकेट घेऊन आला. कापडात गुंडाळून, छातीशी धरून आणलेलं. काय लिहिलंय ते वाचा म्हणाला. साहेबाने लिहिलं होतं की हा माणूस काम चांगलं करतो, पण कोणी त्याच्या डोक्यावर उभं असेल तरच. मी पहिला अर्धा भाग वाचून दाखवला आणि थांबलो. हवालदार खूष झाला. त्याने तो कागद काचेत बसवून ओटीवर लावला. पुढे दौऱ्यावर आलेल्या एका साहेबाने तो वाचला आणि तो मोठ्याने हसला. साहेब किती खूष झाला, हे मला मुद्दाम सांगायला हवालदार आठ कोस चालत आला, येताना आमसुलांची पुरचुंडी घेऊन. मी ती ठेवून घेतली. ही गोष्ट मी पुष्कळ वर्षं लोकांना हसत हसत सांगत असे. आता सांगताना तिच्यातलं दुसरंच काही दिसतं. माझं इंग्रजी तपासणारं आसपास कोणी नव्हतं, आणि तपासणारं कोणी नसलं की माणूस अर्धं वाचून थांबायला शिकतो.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं त्याच्याकडे येतो. त्याला इब्राहीम म्हणू.

तो माझ्याकडे आला तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा होता. बाकीची मुलं सोळा-सतराची, त्यांच्यात हा दाढी फुटलेला गडी मागच्या खांबाला टेकून बसायचा. घर राजिवड्याला. बाप तांडेल, म्हणजे गलबताचा मुख्य. मलबारपासून कच्छपर्यंत कौलं, लाकूड, खजूर अशी ने-आण करण्यात त्यांचा जन्म गेला होता. इब्राहीमने मधेच शाळा सोडून बापाबरोबर दोन मोसम दर्यावर काढले. मग तांडेलांची नजर जायला लागली. वर्षभरात दोन्ही डोळे गेले आणि गलबत विकावं लागलं. मुंबईला गोदीच्या ऑफिसात त्यांचा एक नातलग होता. त्याने कळवलं, पोरगा मॅट्रिक झाला तर कारकुनाच्या जागेवर चिकटवतो, पुढच्या जूनपर्यंत जागा धरून ठेवतो. म्हणून इब्राहीम पुन्हा शाळेत जाऊन बसला होता. घरात दोन लहान बहिणी, आई, आणि उंबऱ्याशी बसून पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखणारा बाप.

व्याकरणात त्याच्यासारखा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. कुठलाही नियम सांगितला की तो विचारी, हा असाच का. एकदा त्याने विचारलं, इंग्रजीत निर्जीव वस्तूंना नपुंसकलिंग, मग जहाजाला तेवढं स्त्रीलिंग कसं? मी म्हटलं, अपवाद आहे, पाठ कर. त्याने ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाला, आमचे बाबा पण गलबताला ‘ती’ म्हणतात, ‘आज ती रुसली’ असं. मला ते आवडलं होतं, पण मी ‘पुढे चल’ म्हणालो. असे प्रश्न विचारणाऱ्याचा शिकवणीत अडथळा होतो. तास पुढे सरकत नाही.

त्या वर्षी नेमलेल्या पुस्तकात गलबताची एक कविता होती. पुस्तक मधल्या काळात बदललं, पण ती कविता टिकून राहिली होती, म्हणून माझं तिच्यावरचं उत्तरही टिकून होतं. कवितेची गोष्ट अशी. एक गलबत दूरच्या सफरीवरून घरी येत आहे. बंदर दिसायला लागलं आहे, काठावर बायकामुलं उभी आहेत. एवढ्यात वावटळ सुटते. म्हातारा नाखवा तरुण खलाशाला ओरडून सांगतो, ‘लेट गो द शीट’. तरुणाला ते जमत नाही. गलबत कलंडतं आणि काठावरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत बुडतं.

यावर मी अकरा वर्षं मुलांना सांगत आलो होतो की शीट म्हणजे शीड. म्हातारा सांगतो, शीड सोडून दे. शीड म्हणजे संसाराचा मोह. तरुणाला मोह सोडवत नाही म्हणून तो बुडतो. कवी आपल्याला वैराग्याचा उपदेश करतो. हे उत्तर माझ्या वहीतलं सगळ्यात गाजलेलं उत्तर होतं. एका हरदासबुवांनी ते ऐकून माझी पाठ थोपटली होती.

मी ते सांगून संपवलं. सगळ्यांचे बोरू-टाक चालले होते. इब्राहीम लिहीत नव्हता. मी विचारलं, काय झालं? तो उभा राहिला आणि म्हणाला, “मास्तर, शीट म्हणजे शीड नसणार. दोर असणार.”

मी कारण विचारलं. त्याने शांतपणे सांगितलं. शिडाच्या खालच्या कोपऱ्याला एक दोर असतो, त्यावर शीड ताणून धरतात. वाऱ्याचा झपाटा आला की पहिल्यांदा तो दोर सोडायचा. दोर सुटला की शीड फडफडतं, त्यातला वारा निघून जातो आणि गलबत सरळ होतं. त्या वेळी शीड सोडायला, उतरवायला कोणाला सवड असते? नाखवा दोरच सोडायला सांगेल. आणि तरुणाला तो सोडता येत नाही, कारण वरच्या कडव्यात लिहिलंय की घर जवळ आलं म्हणून त्याने आळसाने काहीतरी घट्ट बांधून टाकलं आणि तो गाणं म्हणत बसला. तो दोरच बांधला असणार. ओला दोर, घट्ट गाठ, ती ऐन वेळी कशी सुटणार? म्हणजे कविता मोहाची नाही. एकाने कामात हयगय केली आणि सगळे बुडाले, अशी आहे.

वरच्या कडव्यात तसं होतं. अकरा वर्षं ते कडवं मी वाचत होतो आणि ते गाठ मारणं तिथे कशाला आलंय हे मला कधी कळलं नव्हतं. म्हणून मी ते गाळून पुढे जात असे. तो बोलत असतानाच मला कळलं की हा म्हणतो ते खरं असावं. पण पंधरा-सोळा मुलं टाक थांबवून माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, “तुझ्या बापाच्या गलबतावर इंग्रज कवी येत होता काय रे?”

पोरं हसली. मीही हसलो. इब्राहीम खाली बसला. थोड्या वेळाने मात्र, तास सुटताना, तो जवळ आला आणि म्हणाला, एकदा भाट्याच्या खाडीवर चला, बाबा दोर हातात घेऊन दाखवतील, त्यांना पण बरं वाटेल. मी बघू म्हणालो. गेलो नाही.

दोन दिवसांनी दुपारी मी वाचनालयात गेलो. तिथे एक जाडजूड इंग्रजी कोश होता. तो कपाटात कुलपात असे, वर्गणीदारांनाच बघायला मिळे. ग्रंथपालाने काढून दिला. मी शब्द काढला. चादर, कागदाचा ताव, धातूचा पत्रा, हे अर्थ झाले आणि त्याखाली स्वच्छ लिहिलं होतं की शिडाच्या खालच्या कोपऱ्याला बांधलेला, शीड वाऱ्याला आवळायचा किंवा सैल करायचा दोर. शेजारी लहानसं चित्रही होतं. मी ते दोनदा वाचलं. आजूबाजूला कोणी नव्हतं तरी मी पान चटकन मिटलं.

घरी येताना मी मनाशी ठरवलं की पुढच्या वर्षीच्या मुलांना बरोबर अर्थ द्यायचा. यंदा उत्तर लिहून झालंय. आता बदललं तर मुलं म्हणतील, मास्तर चुकले, आणि मग बाकीच्या उत्तरांवरही शंका घेतील. परीक्षेच्या तोंडावर पोरांचा धीर सुटणं बरं नव्हे. हे सगळं मी स्वतःला इतकं छान समजावलं की घरी पोचेपर्यंत मला आपण मुलांच्या हिताचंच करतोय असं वाटू लागलं.

त्या काळी मॅट्रिकला बसण्याआधी शाळेची एक प्रिलिमिनरी परीक्षा असे. तिच्यात सगळ्या विषयांत पास झाला तरच शाळा मुलाचा फॉर्म युनिव्हर्सिटीकडे पाठवी. फॉर्म अडला की वर्ष गेलं. त्या वर्षी प्रिलिमिनरीत नेमक्या त्याच दोन ओळी आल्या. दहा मार्कांना. सगळ्यांनी शिडाचं आणि वैराग्याचं लिहिलं. इब्राहीमने दोराचं लिहिलं. पेपर तपासणारा तोच, माझा जुना विद्यार्थी. त्याने त्या उत्तरावर आडवी रेघ मारून शून्य दिलं. इब्राहीम इंग्रजीत चार मार्कांनी नापास झाला. बाकी सगळ्या विषयांत तो उत्तम पास होता.

इब्राहीमने हेडमास्तरांकडे अर्ज केला. हे हेडमास्तर देशावरचे, त्याच वर्षी बदलून आलेले. करडे पण न्यायी म्हणून त्यांचा लौकिक होता. त्यांनी इंग्रजीच्या शिक्षकाला विचारलं. त्याने माझं नाव सांगितलं. गावात सगळे हाच अर्थ मानतात, म्हणाला. म्हणून हेडमास्तरांनी मला बोलावणं पाठवलं.

मी सकाळी दहाच्या सुमाराला गेलो. खोलीत हेडमास्तर, इंग्रजीचा शिक्षक, आणि भिंतीशी इब्राहीम उभा होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून एक उंच, पांढऱ्या दाढीचा म्हातारा उभा होता. तांडेलांना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हेडमास्तरांनी त्यांना खुर्ची दिली होती, पण ते बसले नव्हते. पोरगा उभा असताना मी कसा बसू, असं म्हणाले होते म्हणे.

हेडमास्तरांनी आधी तांडेलांना बोलायला सांगितलं. त्यांनी हवेत हात धरून सगळं दाखवलं. इथे डोलकाठी, इथे शीड, हा त्याचा कोपरा, हा दोर. दोर आवळताना त्यांची बोटं खरोखरच दोरावर असल्यासारखी वळत होती. डोळ्यांनी दिसत नसलेला माणूस आम्हाला गलबत दाखवत होता. हेडमास्तर लक्ष देऊन ऐकत होते. ते म्हणाले, हे मला पटतं, पण प्रश्न इंग्रजी शब्दाचा आहे. शाळेतल्या लहान कोशात चादर आणि कागद एवढंच आहे. मग माझ्याकडे वळून त्यांनी माझं मत विचारलं. मी म्हणालो, कवितेच्या भाषेत शीट म्हणजे शीडच घेतात.

तेव्हा इब्राहीम बोलला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. “सर, मास्तरांनी वाचनालयातला मोठा कोश पाह्यलाय. मी गेलो होतो, मला दिला नाय, वर्गणीदार नाय म्हणून. पण तिथल्या माणसानं सांगितलान की मास्तर येऊन हाच शब्द बघून गेले. त्यांनाच विचारा, त्यात काय आहे ते.”

हेडमास्तरांनी मला विचारलं, “पाहिलात?”

मी त्या क्षणाचा पुष्कळ विचार केला आहे. नाही म्हणणं शक्य नव्हतं. हो, त्यात दोर आहे, एवढंच म्हणायचं होतं. इब्राहीमला दहापैकी सात तरी मिळाले असते. माझा जुना विद्यार्थी ओशाळला असता, गावात चार दिवस चर्चा झाली असती, दोन-चार मुलं शिकवणी सोडून गेली असती. बाकी काही झालं नसतं.

“पाहिला,” मी म्हणालो. “त्यात वेगळं काही नाही.”

इब्राहीम माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्याला आश्चर्य वाटलं होतं. एवढा वेळ त्याला खात्री होती की नेमकं विचारलं की मास्तर खरं सांगतील, आणि म्हणूनच त्याने बापाला इतक्या लांब चालवत आणलं होतं.

तांडेलांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, “चल. मास्तर सांगतायत ता खरा असल. आपल्याला गलबताचा म्हायत, पुस्तकाचा नाय.” मग ते माझा आवाज जिथून आला होता त्या दिशेला वळले, मला सलाम केला आणि पोराच्या आधाराने बाहेर पडले.

हेडमास्तरांनी स्वतः वाचनालयात जाऊन का पाहिलं नाही, असं कोणी विचारील. फॉर्मांची यादी त्याच दिवशी टपालात पडायची होती. आणि मी सांगितल्यावर त्यांनी पुन्हा पडताळून पाहावं असं त्यांना वाटलं नाही, यात त्यांचा दोष मी काढू शकत नाही.

इब्राहीम त्यानंतर शिकवणीला आला नाही. गोदीतली जागा दुसऱ्याला मिळाली. तो मुंबईला जाऊन एका आगबोटीवर खलाशी म्हणून लागला, असं त्याच्या बरोबरच्या मुलाकडून कळलं.

पुढच्या वर्षी मी उत्तर बदललं. आता शीट म्हणजे शिडाचा दोर, एकाने कामात हयगय केली की सगळे बुडतात, असं सांगू लागलो. फळ्यावर गलबताचं चित्रही काढायचो. डोलकाठी, शीड, कोपरा, दोर, तांडेलांनी दाखवलं त्याच क्रमाने. मुलांना ते फार आवडलं. मास्तरांनी नवा अर्थ शोधून काढला, असं गावात झालं. दोन वर्षांनी शाळांची तपासणी करायला आलेल्या साहेबाने एका मुलाला नेमका तोच प्रश्न विचारला. मुलाने खडाखड उत्तर दिलं. साहेब चकित झाला. समुद्रावरच्या माणसासारखं सांगतोस, कोणी शिकवलं, म्हणाला. मुलाने माझं नाव सांगितलं. मग मला बोलावून साहेबाने हात मिळवला आणि ही बारीक माहिती कुठून मिळवलीत असं विचारलं. मी म्हणालो, चौकशी केली.

या वाक्याची मला त्या खोट्या वाक्याहूनही जास्त लाज वाटते. पहिलं भीतीपोटी बोललो होतो. हे बोलताना भीती कसलीच नव्हती.

वर्षं गेली. माझा जम आणखी बसला. राजिवड्याकडे जायचा रस्ता मी टाळत असे, इतकंच. दहाएक वर्षांनी, पावसाळ्यात आगबोटी बंद होण्याच्या थोडं आधी, बाजारात मला इब्राहीम दिसला. अंगाने भरला होता, कानाजवळ केस पिकायला लागले होते. त्याने मला पाहिलं, मान लववली आणि तो पुढे गेला. त्या दिवशी मला पडवीत बसवेना. मुलांना सुट्टी दिली आणि राजिवड्याला गेलो. घर विचारत विचारत सापडलं. उंबऱ्याशी कोणी बसलेलं नव्हतं.

त्याने मला आत बसवलं, चहा मागवला. आता तो एका बोटीवर सारंग होता, त्याच्या हाताखाली वीस-पंचवीस माणसं होती. बहिणींची लग्नं त्याने करून दिली होती. दिवस वाईट गेले नव्हते, असं त्यानेच सांगितलं. मला थोडं हलकं वाटलं. मग मी सगळं कबूल केलं. कोशात दोरच होता, मी तो वाचला होता आणि खोटं बोललो, असं सरळ सांगितलं. माफी मागितली.

तो म्हणाला, “मला तेव्हाच ठाऊक होतं, मास्तर. पहिल्या महिन्यातच बोटीवरच्या शिडाच्या होडीची कवायत होती, तेव्हा गोरा मालमसाहेब ओरडला, शीट सोड म्हणून, आणि मी दोर सोडला. कोशाची गरज नाय पडली.”

मी म्हटलं, मग निदान तुझ्या मनात तरी शंका राहिली नाही.

त्याने चहाची बशी खाली ठेवली. “माझं सोडा. बाबांचं काय ते सांगतो,” म्हणाला, आणि सांगू लागला. तांडेल आंधळे झाल्यावरही रोज खाडीवर जाऊन बसायचे. नवीन पोरं त्यांना विचारायला यायची, वारा कुठून येईल, अमुक ठिकाणी खडक कुठे, शीड कसं धरायचं. ते सांगायचे. तेवढंच त्यांना उरलं होतं. शाळेतून आल्या दिवसापासून ते सांगेनासे झाले. कोणी विचारलं तर म्हणायचे, आम्हाला अडाण्यांना काय कळतं, पुस्तकात येगळा हाय. इब्राहीम बोटीवरून पहिल्यांदा रजेवर आला तेव्हा त्याने सांगून पाहिलं, बाबा, तुमचंच बरोबर होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांना पटलं नाही. त्यांना वाटलं, पोरगा आपल्या समाधानासाठी बोलतोय. शिकलेला मास्तर चारचौघांत खोटं कशाला बोलेल, म्हणायचे.

“तीन वर्षं ते तसेच बसून होते,” इब्राहीम म्हणाला. “तुम्ही एकदा येऊन सांगितलं असतंत तर त्यांनी ऐकलं असतं. माझं नाय ऐकलं, तुमचं ऐकलं असतं.”

मी त्याची एक नोकरी घालवली, एवढाच हिशेब मी दहा वर्षं मनाशी धरला होता. झाडगावाहून राजिवडा अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. तांडेल गेले त्याआधीची तीन वर्षं मी तो अर्धा तास चाललो नाही.

त्याने मला माफ केलं असं म्हटलं नाही. केलं नाही, असंही म्हटलं नाही. रस्त्यापर्यंत पोचवायला मात्र आला.

त्यानंतर मी आणखी काही वर्षं शिकवणी चालवली. तयार उत्तरं सांगणं बंद केलं. एखादा शब्द अडला तर मुलांसमोर मला माहीत नाही म्हणू लागलो. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा मुलांनी एकमेकांकडे बघितलं आणि तास सुटल्यावर एकाने घरात जाऊन विचारलं, मास्तरांची तब्येत बरी नाही का. मुलं हळूहळू कमी झाली. त्याचं वाईट वाटलं नाही, असं म्हणवत नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला धंद्यातल्या गमती लिहायला सांगितल्या होत्या. हवालदारासारख्या दहा-बारा मला सहज लिहिता आल्या असत्या. त्याऐवजी हे लिहिलं आणि छापायला देण्याआधी इब्राहीमला पाठवलं. तो आता कामावरून निवृत्त होऊन मुंबईला मुलीजवळ असतो. त्याची परवानगी असेल तरच छापू, आणि सगळी नावं बदलू, असं मी लिहिलं होतं.

त्याचं उत्तर आठवड्यात आलं. पत्र इंग्रजीत होतं आणि त्यात काढण्यासारखी एकही चूक नव्हती. त्याने लिहिलं होतं की छापा. माझं नाव बदला किंवा ठेवा, मला सारखंच. बापाचं नाव मात्र बदलू नका, आणि ते बरोबर होते असं स्पष्ट लिहा. खाडीवर त्यांना विचारायला यायची त्यातली बरीच पोरं अजून हयात आहेत आणि त्यांना वाचता येतं.

त्यांचं नाव तांडेल दाऊद उस्मान. राजिवडा, रत्नागिरी. त्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत त्यांनी सांगितलेला शब्दन्‌शब्द बरोबर होता.